खोकल्याच्या मागावर: वैराग, केम, कुंभारी

एसटीत शेजारची बाई विचारते, "कुटं निघाला?" तेव्हा लोक देवाचं नाव सांगतात, लेकीचं गाव सांगतात, नाहीतर दवाखाना सांगतात. मी सांगायची, "खोकला बघायला." मग ती बाई माझ्याकडं बघायची, माझ्या पिशवीकडं बघायची आणि हळूच खिडकीकडं सरकायची. या चार दिवसांत मला बसायला जागा ऐसपैस मिळाली ती अशी.

एकाहत्तराव्या वर्षी हा असला प्रवास कशाला, असं कुणीही विचारील. तर त्याला कारण माझी नात सोनाली. लेकीची लेक. सोलापूरला कॉलेजात साथीच्या रोगांचं शिकते. डॉक्टर नव्हे हं. "डॉक्टर आजारी माणसाला तपासतो, आम्ही आजारी गावाला तपासतो," असं ती म्हणते. तिला शेवटच्या वर्षाला प्रबंध लिहायचा होता. स्वाइन फ्लूसारखी जगभर फिरणारी साथ आपल्या जिल्ह्यात आली की कुठल्या वाटेनं फिरते, कुणाला नुसतं शिंकायला लावून सोडते आणि कुणाला दवाखान्यात नेऊन आडवं करते, असा तिचा विषय. आपण तोंडाला रुमाल बांधून हिंडलो होतो तो स्वाइन फ्लू अजून गेलेला नाही म्हणे. थंडीत येऊन जाऊन असतो, जावयासारखा. उद्या त्याचाच एखादा नवा भाऊ आला तर आधी कुणाला जपायचं, हे आजच कळायला पाहिजे. म्हणून गेल्या हिवाळ्यात कुणाच्या घरी काय झालं ते दारोदार विचारायचं आणि बेचाळीस प्रश्नांचा कागद भरायचा.

सुरुवात तिनं माझ्याच गावात, वैरागला केली. सकाळी गठ्ठा घेऊन गेली आणि दुपारी तोंड पाडून परत आली.

"आज्जी, तुमच्या वैरागला गेल्या हिवाळ्यात कुणालाच काही झालं नाही. सगळ्या कागदांवर नाही, नाही, नाही."

मला हसूच आवरेना. गेल्या पौषात आमच्या आळीत असा खोकला होता की भजनाला टाळ लागत नव्हते. पण लोक सांगतील कशाला? कोरोनात ज्याच्या घरी ताप निघाला त्याच्या बोळाला पत्रे ठोकले होते. तेव्हापासून दारात कागद-पेन घेतलेलं माणूस दिसलं की अख्खं घर ठणठणीत होतं. कुणाच्या घरात लग्नाची पोरगी असते, कुणाचं दूध डेअरीला जात असतं. ताप होता असं कोण कबूल करणार?

"तू चल ना माझ्याबरोबर," सोनाली म्हणाली. "तुला बघून लोक बोलतील."

मी हो म्हटलं. पण माझं खरं कारण वेगळं होतं, आणि ते मी तिला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

माझी धाकटी बहीण इंदू कुंभारीला असते, सोलापूरच्या पलीकडं, विडी कामगारांच्या घरकुलात. ती वर्षभर माझ्याशी बोलत नव्हती. गेल्या हिवाळ्यात तिला हाच फ्लू झाला, छातीत उतरला, नऊ दिवस दवाखान्यात नाकाला नळी लावून पडली होती. आणि मी बघायला गेले नाही. आमच्याकडं लग्नाला गेलं नाही तर आहेर पाठवून भागतं. आजारी माणसाला बघायला गेलं नाही तर कशानंच भागत नाही. बिस्किटाचा पुडा घेऊन जायचं, उशाशी बसायचं, आजाऱ्याच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडायची, "किती वाळली गं" म्हणायचं, मग उठायचं. यातलं एक जरी राहिलं तरी ते पुढं दहा वर्षं ऐकावं लागतं. मी तर मुळात गेलेच नाही. मी स्वतःच तापातून नुकती निघाले होते, उठवत नव्हतं, पण ते कोण ऐकतंय! आणि मला राग कशाचा, तर ती आजारी पडायच्या तीनच दिवस आधी मी तिच्याकडं शेंगदाण्याचे लाडू देऊन आले होते. ते बाईसाहेबांनी धरलंच नाही.

सोनालीच्या यादीत शेवटचं गाव कुंभारी होतं. मी पिशवी भरली. चार दिवसांनी का होईना, इंदूनं मला 'आक्का' म्हणून हाक मारावी, एवढंच मला पाहिजे होतं.

केम

बार्शी, कुर्डुवाडी करत आम्ही केमला जाणाऱ्या रेल्वेत बसलो. सोनाली म्हणाली, सराव म्हणून तुझाच कागद भरू.

"गेल्या हिवाळ्यात ताप, खोकला, घसादुखी?"

"न्हाई."

"आज्जी!"

काय करणार, तोंडातून निघून गेलं. मग खरं सांगितलं. शनिवारी बार्शीला वन्संना बघायला गेले होते, त्या तापानं फणफणल्या होत्या. मंगळवारी घसा धरला. बुधवारी ताप चढला तो रविवारपर्यंत. साखर नाही, दमा नाही, गुडघे सोडून सगळं शाबूत. सोनाली म्हणाली, त्या जगभरच्या साथीच्या वेळी म्हाताऱ्या माणसांना तुलनेनं कमी लागण झाली होती, कारण जुन्या साथींची थोडी ओळख त्यांच्या अंगात शिल्लक होती. हे ऐकून मी पदर सावरून बसले. एवढ्या वर्षांत म्हातारपणाबद्दल एवढं चांगलं कुणी बोललं नव्हतं. "पण लागलाच तर म्हाताऱ्यांनाच जास्त जड जातो," असं तिनं पुढं जोडलं. ते मी फारसं मनावर घेतलं नाही.

"घसा धरला त्या मंगळवारी कुठं कुठं गेली होतीस?"

तेवढ्यात स्टेशन आलं. केमला गाडी जेमतेम टेकते, उतरायची धांदल उडाली, आणि तो रकाना कोरा राहिला.

केम हे कुंकवाचं गाव. तिथं कुंकू तयार करून गावोगाव जातं. आपण कपाळाला टिकलीएवढं लावतो, तिथं ते ढिगानं असतं. आम्ही गेलो त्या शेडमध्ये बायका कुंकू चाळून पुड्यांत भरत होत्या. हात लाल, पापण्या लाल, चहाची कपबशीसुद्धा लाल. सोनाली पांढरा ड्रेस घालून आली होती. मी तिला सकाळीच म्हटलं होतं, दुसरा घाल. पाच मिनिटांत ती पाठीकडून गुलाबी झाली. तिचे कागदही गुलाबी झाले, वर तांबडे ठसे. कॉलेजातल्या मॅडमना वाटेल, पोरीनं लोकांना मारून माहिती काढली.

सुमन म्हणून एक चाळिशीतली बाई होती, ती एकसारखी शिंकत होती.

"सर्दी आहे का?" सोनालीनं पेन काढलं.

"सर्दी कशाची? कुकू गेलंय नाकात."

"गेल्या हिवाळ्यात घरात कुणाला ताप?"

"छ्या! आमच्यात कुणाला कदी काय हुत न्हाय."

बाकीच्या बायकांनीही माना हलवल्या. सोनालीनं माझ्याकडं बघितलं. मी पुढं सरकून चाळणीपाशी फतकल घातलं. मला काही सुचलं होतं अशातला भाग नाही. माझ्या मनात इंदूच घोळत होती, म्हणून तोंडातून तेच आलं.

"सुमन, तुमच्यात कुणी आजारी पडल्यावर कोण बगायला आलं न्हाय गं?"

सुमननं चाळणी खाली ठेवली.

"माजी थोरली जाऊ!" ती म्हणाली. "अंगणाच्या पल्याड ऱ्हाती ओ! सासूबाई धा दीस हातरुणाला खिळल्या. पुन्याची नणंद आली, माढ्याची आत्या आली, जिच्या डोळ्याला दिसत न्हाय ती चुलती नातवाचा हात धरून आली. आन हिला अंगण वलांडवना!"

"धा दीस? काय झालं होतं?"

"काय म्हंजे, फ्लूच की! आदी धाकट्यानं शाळंतनं आणला, मग मला, मग म्हाताऱ्या माणसाला. त्यांना साखर हाय, त्यास्नी लईच झेपंना."

सोनालीचं पेन जे सुरू झालं ते थांबेना. शेडमधल्या दुसऱ्या बाईला सांगायचं होतं की तिच्या बाळंतपणाला आलेल्या लेकीला सातव्या महिन्यात ताप आला तेव्हा व्याही नुसता फोन करून मोकळा झाला. तिसरीचा भाऊ आला होता, पण बिस्किटाचा पुडा न घेता. कोण आलं, कुठल्या वारी आलं, किती वेळ बसलं, सगळं तोंडपाठ. आजाराचं नाव कुणी घेत नव्हतं, पण बघायला न आलेल्यांची नावं काढली की आजार आपोआप त्यांच्या मागून बाहेर येत होता.

सोनालीनं कागदाच्या तळाशी हातानं त्रेचाळिसावा प्रश्न लिहिला: बघायला कोण आलं, कोण नाही?

जेवायला सुमननं घरी नेलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वाटीभर तिखट आमटी. वैरागलाही आम्ही कडक भाकरी खातो, पण माझ्या घरी ती मी आमटीत बुडवून ठेवते. परक्याच्या घरी लगेच कसं बुडवायचं, म्हणून मोठ्या धीरानं तोडायला गेले, तर माझी खालची कवळी भाकरीला चिकटून बाहेर आली.  कोपऱ्यातल्या बाजेवरून सुमनची सासू म्हणाली, "असू द्या. आमच्यात पावण्यानं दात ठेवून जायाची पद्दत न्हाय, पर ऱ्हाऊ द्या." ही बाई दहा दिवस तापात होती आणि जीभ अशी. सोनालीनं तिच्या कागदावर 'प्रकृती आता उत्तम' असं लिहिलं.

अक्कलकोटच्या वाटेवर

केमहून गाडीनं सोलापूर. सोनालीच्या खोलीवर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी अक्कलकोटच्या बाजूचं एक गाव घेतलं. तिकडं मराठी आणि कानडी एकाच वाक्यात जोडीनं नांदतात. मला कानडीतलं येतं ते एवढंच की "ऊट आयतु?", म्हणजे जेवण झालं का. तेवढ्यावर मी दिवस काढला. जो भेटेल त्याला विचारायचं. लोक खूश होऊन पुढं जे काय बोलायचे त्यावर मान हलवायची. अशी मान हलवत मी तीन घरी जेवण कबूल करून बसले होते, हे दुपारी कळलं.

तिथं भेटली गौरव्वा. साठीची असेल, नाकात दोन्ही बाजूंना चमकी, हात सारखे हलते. गावात कुणी आजारी पडलं की पहिली पोचणारी बाई म्हणजे गौरव्वा. "बर्री, कूडरी," म्हणजे या, बसा, असं म्हणत तिनं आम्हाला ओढूनच आत नेलं आणि पुढं मराठीत बोलायला लागली.

"माज्या हातून कुणाचं बगायचं ऱ्हायलं न्हाय बगा. वरच्या आळीला मल्लव्वा पडली, तिच्याकडं ग्येले. तिच्या तोंडावरनं हात फिरवला, माज्या पदरानं तिचं डोळं पुसलं. तिनं अर्दा बिस्कुट खाल्लं, अर्दा मला दिलं. आजाऱ्याचा मान ऱ्हाखाया नको? खाल्लं. दुसऱ्या दिवशी खालच्या आळीला बाळंतीण व्हती, तिकडं ग्येले. मग तलाठ्याच्या घरी. मग शाळंतल्या बाईकडं."

"आणि तुम्हाला काही झालं नाही?" सोनालीनं विचारलं.

"मला काय हुतंय? एक दीस अंग मोडून आलं, घसा खवखवला. काढा पिला आन परत हिंडाय लागले."

मग आम्ही बाकीची घरं केली. दुपारी चिंचेखाली बसून सोनालीनं एका कोऱ्या पानावर गोल काढले, एकेका गोलात एकेक नाव, आणि कोण कुणाकडं कधी गेलं त्याचे बाण. माणूस आजारी पडायच्या आधी एक दिवसापासून पुढं पाच-सात दिवस दुसऱ्याला देऊ शकतो, ती सांगत होती. घेणाऱ्याला एक ते चार दिवसांत त्रास सुरू होतो. बाण बघता बघता पानाच्या मधोमध एक गोल उठून दिसायला लागला. त्यातून चहूकडं बाण. बाळंतीण, तलाठ्याचं घर, शाळेतली बाई. मल्लव्वाकडून आलेला एक बाण आत, आणि बाहेर जाणारे पाच. बरी झालेली बाळंतीणसुद्धा म्हणाली होती, गौरव्वा आली तेव्हा लई बरं वाटलं.

मी हसून हसून बेजार. "ही बाई म्हंजी टपालगाडी आहे गं! मायेपोटी घरपोच ताप!"

"आज्जी, हसू नकोस. तिनं वाईट काय केलं? तिला माहीतच नव्हतं. आणि पक्कं सांगता येत नाही, शाळेतल्या पोरांकडूनही आला असेल."

पण मी हसत राहिले. संध्याकाळच्या एसटीत बसेपर्यंत हसत होते. शेजारी बसलेल्या माणसालाही गोष्ट सांगितली: "तोंडावरनं हात फिरवला, पदरानं डोळं पुसलं आन दुसऱ्या दिवशी बाळंतिणीकडं!" तो माणूस म्हणाला, "कसली येडी बाई!" मी म्हटलं, "न्हायतर काय! घसा धरलाय, आन निघाली खाऊ घिऊन—"

आणि तिथंच माझं वाक्य अडलं.

गौरव्वानं खाऊ नेलाच नव्हता. खाऊ मी नेला होता.

शनिवारी बार्शीला वन्संच्या उशाशी. त्यांच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर मोडले. मंगळवारी कुंभारीला शेंगदाण्याचे लाडू. घसा खरखरत होता, इंदू म्हणालीसुद्धा, "आक्का, खोकतीयास का?" मी म्हटलं होतं, "वाटंत उसाचा रस प्यायले, थंड लागला." ताटात एकच लाडू फोडून आम्ही दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला. बुधवारी मी आडवी. शुक्रवारी इंदू आडवी.

मी बोटांवर मोजलं. परत मोजलं. वार काही केल्या बदलेनात. वर्षभर मी ज्या मंगळवारचा हिशोब इंदूला मागत होते, की बाई, मी आले होते ते धर की, तो मंगळवार धरला तर माझाच बाण तिच्याकडं जात होता. तिचा राग होता मी गेले नाही म्हणून. तिला ठाऊकच नव्हतं की रागावण्यासारखं मी केलं होतं ते जाऊन.

"काय झालं आज्जी?" सोनालीनं विचारलं.

"काय न्हाय. कवळी रुतली."

कुंभारी

सकाळी निघताना वाटलं होतं, पोटात दुखतंय म्हणून खोलीवरच राहावं. पण सोनाली बिचारी कागद छातीशी धरून उभी, तिला काय सांगणार? शेवटी निघाले. इंदूसाठी बिस्किटाचा पुडा घ्यायचं धाडससुद्धा झालं नाही. खाऊ या वस्तूचीच मला भीती बसली होती.

घरकुलाच्या ओळीत सगळी घरं सारखी, पण इंदूचं मी वासावरून ओळखते. तंबाखूचा वास. ती दारात बसली होती, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं, बोटं चालूच. चाळीस वर्षं ती विड्या वळते आहे, आणि त्या धुरळ्यानं दमा घेऊन बसली आहे. वर साखर. मला बघितलं आणि मान खाली घातली. बोटं थांबली नाहीत.

माझे दाजी, म्हणजे इंदूचे यजमान, धावत आले. "या या आक्का! इंदे, आक्का आल्यात!"

"त्यांना म्हनावं बसा," इंदू सुपाला म्हणाली.

"बसा म्हनती," दाजी मला म्हणाले. मी दोन हात अंतरावर उभी होते, मला ऐकू आलं होतं.

"चा घेनार का इचारा."

"चा घेनार का?"

"दाजी, तिला सांगा, घेते."

"घेत्यात म्हनं."

असे बिचारे दाजी चहात साखर किती इथपर्यंत दोन्ही बाजूंनी निरोप पोचवत राहिले. शेवटी म्हणाले, "मी रानात तरी जातो, न्हायतर माजा तरी कागूद भरा," आणि कोपऱ्यात बसून राहिले.

सोनालीचं मात्र इंदूनं प्रेमानं केलं. तिला जवळ बसवलं, आणि आजाराचं विचारल्यावर लपवलं तर नाहीच, उलट ऐटीत सांगितलं. शुक्रवारी ताप आला, दोन दिवस काढ्यावर काढले, रविवारी दम लागला तेव्हा रिक्षात घालून नेलं. सोनाली म्हणाली, साखर आणि दमा असलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी जायला पाहिजे होतं.

"आता पुढचं," सोनालीनं विचारलं. "दवाखान्यात बघायला कोण कोण आलं?"

इंदूची बोटं पहिल्यांदा थांबली. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सुरू केलं. रविवारी नणंद आणि तिचा मुलगा, नारळ. सोमवारी विडी कारखान्यातल्या चौघी, मोसंबी. मंगळवारी शेजारची रजियाबी, खिमट करून आणलं, भरवूनच गेली. बुधवारी... नऊ दिवसांची नऊ पानं वाचावीत तसं वाचत गेली. सोनालीनं प्रत्येकाचं पुढं काय झालं ते विचारलं. नणंदेला ताप आला होता. चौघींतल्या दोघी पडल्या होत्या. सोनाली गोल काढत होती, बाण काढत होती. इंदू माझ्याकडं न बघता शेवटी म्हणाली, "आन कोन आलं न्हाय ते इचारनार असशील तर एकच नाव हाय. ते मी घेत न्हाय."

दाजी खोकले.

"बरं," सोनाली म्हणाली, "आता फक्त एक राहिलं. ताप यायच्या आधी चार दिवसांत घरी पाहुणं कोण आलं होतं?"

मी बशीतला चहा परत कपात ओतला.

"कुनी न्हाय," इंदू ठसक्यात म्हणाली.

सोनालीनं 'नाही' लिहायला पेन टेकवलं. बघा, किती सोपं होतं! इंदूनं मला तिच्या हिशोबातून खोडलं होतं, तर मी सुटले होते. गप्प बसले असते, आणखी एक कप चहा घेऊन दाजींमार्फत माफी मागितली असती, आणि पुढच्या संक्रांतीपर्यंत ती कदाचित बोललीही असती. पण पान सोनालीचं होतं. आणि त्यावर इंदूचा गोल नुसताच बसला होता, जणू ताप तिच्या घरात आपोआप उगवला आणि तिनंच तो सगळ्यांना वाटला.

"खोड ते," मी म्हटलं. "मी आले होते. मंगळवारी. घसा धरला होता, आन शनवारी वन्संच्या उशाशी बसून आले होते. माझ्या कागदावरचा तो कोरा रकाना आहे ना सोनाली, त्यात लिही. कुंभारी." आणि मग दाजींना मध्ये न घेता सरळ तिलाच म्हटलं, "इंदे, उसाचा रस मी प्यायलेच नव्हते गं."

 बाहेर कुणाची तरी शेळी दाराशी येऊन पानं चघळायला लागली, तिला हाकलायचंही कुणाला सुचलं नाही.

"पक्कं नाही सांगता येणार," सोनाली घाईनं म्हणाली. "कारखान्यातूनही आला असेल, एसटीतूनही. नुसता अंदाज—"

"थांब गं," इंदू म्हणाली. तिनं पान ओढून घेतलं. एकेका बाणावरून बोट फिरवलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. मी उठणार, तेवढ्यात ती फिस्सकन हसली, हसता हसता ठसका लागला, दाजींनी पाणी दिलं.

"म्हंजी तू बगायला आली व्हतीस," ती डोळे पुसत म्हणाली, "पर आजारी पडायच्या आदीच! कदी येळेवर आलीस का जल्मात?"

"न्हाई आले."

"माज्या लग्नातबी हळद उतरल्यावर आली व्हतीस."

"एसटी बंद पडली होती गं तेव्हा!"

"दर टायमाला एसटीच बंद पडती हिची!" हे ती दाजींना म्हणाली, पण बोलली माझ्याबद्दल. मग परत पानाकडं बघून तिनं बाण मोजले. "आक्काकडनं निगाला किती? एकच. आन माज्याकडनं?"

"तीन," सोनाली म्हणाली.

"बग," इंदू माझ्याकडं बघून म्हणाली. "घरात धाकटी म्हनून कदी कुनी मोजलं न्हाय मला."

आणि सूप परत मांडीवर घेतलं. थोड्या वेळानं, विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता, एकदम गंभीर आवाजात म्हणाली, "त्या दोगी पडल्या कारखान्यातल्या. त्यातल्या एकीचं पोरगंबी पडलं व्हतं. त्येंना म्या बगायलाबी ग्येले न्हाय, मला उटवत नव्हतं. त्या बोलत न्हाईत माज्याशी."

कोपऱ्यातून दाजी म्हणाले, "आता तितंबी मीच निरोप पोचवू का?"

सोनालीनं जाताना इंदूला आणि दाजींना समोर बसवून सांगितलं: दर वर्षी थंडीच्या आधी लस, ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर, आणि आठवडाभर कुणी बघायला यायचं नाही.  लस घेऊ, म्हणाले. डॉक्टरकडं जाऊ, म्हणाले. पण कुणी यायचं नाही म्हणजे? मग माणूस आजारी पडलंय हे कळणार कसं?

परत आल्यावर मी हे सगळं लिहून काढलं, कारण आमच्या वैरागच्या बायका विचारत होत्या, चार दिवस कुठं गायब होतीस आणि काय काय बघितलंस. त्यांना आता मी दारातूनच विचारते, कोण आजारी आहे ते सांगा, मी खिडकीतून बघीन. हसतात. हसू देत. मीही चिंचेखाली हसले होते.

परवा दुपारी फोन वाजला. वर्ष सव्वा वर्षात पहिल्यांदा त्यावर इंदूचं नाव.

"आक्का, मला बारीक ताप हाय. डाक्टरकडं जाऊन आले. लस घेतली हुती म्हनून जास्त न्हाय म्हनं."

मी पिशवी खुंटीवरून काढलीच होती. लाडवाच्या डब्याला हातही लागला होता.

"ऐक," ती म्हणाली. "न्हाई आलीस म्हनून वरीसभर बोलले न्हाय. ह्या खेपंला आलीस तर आनखी एक वरीस बोलनार न्हाय."

मी पिशवी परत खुंटीला लावली, फोन कानाशी धरून जमिनीवर बसले, आणि तिथूनच तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून माझ्याच कानशिलावर मोडले. कडाकड वाजली बोटं.

"ऐकू आलं," इंदू म्हणाली.